भिजलेल्या गुळाचा प्रसाद

अवकाळी पाऊस ओसरला आणि हरबाशेटांच्या बंदरावरील वखारीतला गूळ पाझरू लागला. दोष आला, तो गूळ वाहून आणणाऱ्या धाकू तांडेलावर.

"तुझ्या गलबतात समुद्राचं पाणी शिरलं! भरपाईला गलबतच घेतो," रवळनाथाच्या देवळात पंचांसमोर शेट गरजले.

गलबत गेले तर धाकूच्या घरची चूल विझणार होती. मनोमन नाम घेत त्याने पुराव्याला आणलेल्या ओल्या ढेपेचा खडा देवापुढे ठेवला आणि प्रसाद म्हणून शेटांच्या हाती दिला. प्रसादाला नाही कोण म्हणणार? शेटांनी तो तोंडात टाकला.

"कसो लागता, शेटानू?"

"गोड! गूळ आणखी कसा लागणार?"

धाकूने हात जोडले. "मग आपलो समुद्र कधीपासून गोड झालो?"

पंचांनीही प्रसाद चाखला आणि ते वखारीचे छप्पर पाहायला उठले.