पखवाजाची कणीक

कवठवाडीच्या नदीकाठी श्रीजिवाजीमहाराजांचा मठ होता. आपल्या सद्गुरूंच्या पुण्यतिथीला महाराज तेथे सात दिवसांचा उत्सव करीत. कीर्तने, भजने, सोंगे, रांगोळ्या यांनी मठ कसा गजबजून जाई! आणि एवढ्या उत्सवात मजुरीचा माणूस एकही नाही. ज्याची त्याची सेवा घराण्यात चालत आलेली. कोणी मांडव घाली, कोणी हार गुंफी.

पुरात घरदार गमावलेली मैनाबाई त्या वर्षी नवीनच गावात आली होती. पाणवठ्यावर तिच्याशी कोणी बोलत नसे. सहा दिवस ती मांडवाच्या कडेला उभी राहिली. यातले काही आपल्या हातून घडले तर आपण या गावचे होऊ, नाहीतर उत्सव सरताच गाठोडे उचलायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. सातव्या दिवशी सकाळी धीर करून तिने महाराजांचे पाय धरले.

"मलाबी काय तरी काम द्या, महाराज."

महाराज म्हणाले, "माय, पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. आज ती तू मळ."

मैनाबाईने केवढ्या आनंदाने कणीक मळली! पण पखवाज वाजवणारे अंताजीपंत नाकावर माशी बसू न देणारे. गोळा पाहून ते हसले. "ही कोण, कुठली, कुणाला ठाऊक नाही, आणि हिच्या हातचं माझ्या पखवाजाला?" त्यांनी गोळा गायीपुढे टाकला आणि स्वतःच्या घरून कणीक मागवली. बिचारी मैनाबाई! तिला रडू आवरेना.

बारा वाजता सद्गुरूंच्या समाधीवर फुले पडायची आणि तोवर भजन खंडू द्यायचे नाही, असा मठाचा दंडक. पण पंतांच्या घरी त्या दिवशी पुरणपोळ्या होत्या. घाईघाईत आली ती पोळ्यांसाठी तेलात तिंबलेली कणीक! ती चामड्याला धरणार कशी? पाच-सहा थापांतच घसरून ती पंतांच्या मांडीवर पडली. पखवाज मुका झाला, टाळ चुकू लागले, गाणाऱ्यांचा सूर ढळला. मठातले पीठ तर महाप्रसादात केव्हाच संपलेले, आणि गावातून आणवायला वेळ उरला नव्हता. पंतांना दरदरून घाम फुटला.

महाराज शांतपणे म्हणाले, "मैना, पुढे ये. हात दाखव."

तिच्या नखांत वाळलेल्या कणकेचे कण तेवढे राहिले होते.

"एवढ्यानं काय व्हतंय, महाराज?"

"आपल्या माणसांसाठी मळलीस ना? मग लाव."

तिने बोट चामड्यावर टेकवले आणि काय नवल! त्या तेलकट चामड्यावर तो कण ओला होऊन पसरू लागला, पसरता पसरता भाकरीएवढा झाला. पंतांची थाप पडण्याआधीच पखवाजातून असा गंभीर नाद उठला की समाधीपुढची समई हलली. मांडवातल्या प्रत्येकाच्या अंगावर काटा आला. मग साऱ्यांच्या मुखातून एकच गजर उसळला आणि बाराच्या ठोक्याला फुले पडली.

अंताजीपंतांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "चुकलो, महाराज!"

महाराजांनी पाय मागे घेतले. "पंत, अपराध जिचा केलात तिच्याकडे जा."

पंत मैनाबाईपुढे आले. "ताई, मला क्षमा करा. ही सेवा आजपासून तुमच्या घराण्याची."

"घराणं कुठलं माजं, दादा? समदं पाण्यात गेलं."

पंतांनी मांडवभर बसलेल्या गावाकडे हात केला. "मग हे सगळे कोण तुमचे?" असे म्हणून साऱ्या गावादेखत त्यांनी तिच्या पायांशी डोके टेकले.