उशाशी गाणारी

"माझं एखादं तरी गाणं ऐकलंत का, दोना झेफा?"

म्हातारीनं मान हलवली. ऐकलं होतं.

"मग?"

"लोक नाचत होते."

निवाल्दोला ते लागलं.

ब्राझीलच्या ईशान्येचा हा रखरखीत मुलूख सोडून त्याला तीस वर्षं झाली होती. साओ पावलोच्या गुत्त्यांत तो गिटार घेऊन गायला. मग रेडिओवर. मग मैदानंच्या मैदानं त्याच्यासाठी भरू लागली.

पण ज्या गाण्यानं तो मोठा झाला, ते या म्हातारीचं होतं. झेफा, जिला गाव मानानं 'दोना' म्हणायचं, मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून गायची. वाद्य नाही, ताल नाही. पोरवयात तिच्यामागे बसून त्यानं ते सगळं उचललं. पुढे त्या विलापाखाली सांबाचे ढोल घातले, इलेक्ट्रिक गिटार घातली. ओळ संपताना आवाज किंचित चिरू द्यायची तिची लकब तेवढी तशीच ठेवली. त्या लकबीनं देशाला वेड लावलं.

"आपल्या गावचं रडणं मी जगापुढे नेलं," तो म्हणाला. "नाहीतर ते इथंच पुरलं गेलं असतं."

"पुरण्यासाठीच होतं ते."

"म्हणजे माझा आवाज तुम्हाला आवडत नाही."

"आवाज चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला."

तिचे शब्द घासत बाहेर येत होते. वर्षभरापूर्वी तिच्या गळ्यात गाठ झाली होती. तेव्हापासून ती गायली नव्हती.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. खालच्या वस्तीतला गवंडी, बेनेदितो. टोपी छातीशी धरलेली.

"माझी लुसिया गेली," तो म्हणाला. "बाळंतपणात. पोरही गेलं... तिची आई विचारते, तुम्ही याल का?"

झेफानं गळ्यावर हात ठेवला. मग निवाल्दोकडे पाहिलं.

"हा येईल."

निवाल्दो लगेच उठला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. आता म्हातारीला कळेल, असं त्याच्या मनात आलं.

घर एका खोलीचं होतं. दोन बाकं जोडून लुसियाला निजवलेलं, कुशीत फडक्यात गुंडाळलेलं पोर. आई तिचे पाय धरून बसली होती. पाय गार पडलेत म्हणून ती ते चोळत होती.

निवाल्दो उशाशी बसला आणि गाऊ लागला.

पहिलीच ओळ नेमकी लागली. दुसरीच्या शेवटी त्याचा आवाज चिरला, तसं दाराशी कुणीतरी हुंदका दिला. कुणीतरी त्याचं नाव घेतलं. बघता बघता अंगण भरलं. खिडकीत डोकी दाटली, डोक्यांवर मोबाईल.

गाणं संपलं. बाहेर कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

निवाल्दो उठून उभा राहिला आणि कमरेत वाकला. जसा रोज वाकत असे.

दिवस मावळताना तो झेफाच्या दारात परतला. आत न येता उंबऱ्याशीच उभा राहिला.

"गायलास?"

"गायलो."

"आई रडली?"

"नाही. ती उठली, दोना झेफा. मुलीचे पाय सोडून उठली. झग्याच्या टोकानं खुर्ची पुसली, मला बसायला दिली. कॉफी करून आणली. एवढा मोठा माणूस घरी आला, म्हणाली, आणि आमच्याकडे साखरसुद्धा नाही."

"प्यायलास?"

"प्यायलो."

खाली वस्तीत अजून माणसांचा गलका ऐकू येत होता.

"मी गाणं सोडून देतो," निवाल्दो म्हणाला. त्याचा आवाज आता खरोखरच फुटला होता, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. "तुम्ही म्हणाल तर आजपासून सोडतो. सांगा, सोडू?"

"ती परत मुलीजवळ जाऊन बसली का?" झेफानं विचारलं.

निवाल्दोनं आठवून पाहिलं. खुर्ची आठवली, कप आठवला, खिडकीतले चेहरे आठवले.

"मी... पाहिलं नाही."

"जा, बघून ये."