न झिजणारा पॅड

घाटाच्या पायथ्याला मुनीर शिकलगारचं गॅरेज. एका सकाळी शाळेचे अध्यक्ष अप्पासाहेब इंगवले आपली जडशीळ मोटारसायकल घेऊन तिथे आले. ब्रेक दाबला की हँडल थरथरत होतं.

"ब्रेकची डिस्क बदल," ते म्हणाले. "चार वर्षांतली ही तिसरी. हल्ली टिकाऊ माल येतच नाही. पॅड मात्र बघ, पहिल्यापासून हेच, अजून धड झिजले नाहीत. नवे टाकशील तर असेच कडक टाक."

मुनीर चाक सोडवू लागला. अप्पासाहेबांचं बोलणं चालूच होतं. "माणसंही तशीच निघतात. काल मुख्याध्यापिकेनं राजीनामा दिला. चार वर्षांतल्या तिसऱ्या बाई! मी खुर्चीत बसल्यापासून आहे तसा आहे."

मुनीरची मुलगी त्याच शाळेत सातवीला होती. बाई जाणार म्हणून ती रात्री जेवली नव्हती. बोलावं की गप्प बसावं, या विचारात त्याचा पाना थबकला. मग त्याने ब्रेक लागताना डिस्कवर घासणारा जुना पॅड अप्पासाहेबांच्या एका हातात दिला आणि दुसऱ्या हाताचं बोट डिस्कवरून फिरवायला सांगितलं. बोटाला खोल चरे लागले.

"साहेब, ब्रेक दाबला की दोघांतलं एक झिजणारच. डिस्क वाचावी म्हणून पॅडने झिजायचं असतं."

"म्हणजे डिस्क खराब नव्हत्या?"

"डिस्क तीन वेगवेगळ्या होत्या, साहेब. पॅड तेवढा तोच होता."

अप्पासाहेबांनी हातातला पॅड खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मऊ टाक. आणि जरा लवकर कर, बाई गाव सोडायच्या आत त्यांना गाठायचंय."