राजांचा उपाशी पाणघाणा

पाणघाण्यात दाणा पडेना!

धामणगडच्या उदाजीराजांनी दूरदेशचे कारागीर आणून नदीकाठी हे यंत्र उभारलं होतं. बैल नको, काही नको. पाण्यावर चाक फिरायचं, करडई चिरडायची आणि तेलाची धार लागायची. म्हणजे, लागायला हवी होती. पूजेच्या दिवशी लागली तेवढीच! पुढे करडईची एक गाडीही तिकडे वळली नाही.

"तेल्यांनीच शेतकऱ्यांचे कान भरलेत," दिवाण म्हणाले.

झालं! यंत्राजवळच सगुणा तेलिणीचा बैलघाणा होता. तिलाच पकडून आणलं.

"उद्या सूर्य मावळायच्या आत माझ्या यंत्रातून तेल निघालं पाहिजे," राजे गरजले, "नाहीतर तुझ्या घाण्याचं सरपण करीन!"

सगुणाचं घर त्या घाण्यावर चालायचं, आणि तोही हल्ली निम्मा वेळ बंदच असायचा. पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"म्हाराज, गावात करडईचं बी आणलं की यंत्राच्या वाटंतल्या नाक्यावर जकात. तेल आणलं की माफी! मग लोक पल्याडच्या गावातनं तेलच गाळून आणत्यात. हितं बी कोन आणंल?"

"देवळातले दिवे महागू नयेत म्हणून आजोबांनी तेलाला माफी दिली. त्यांच्या हुकमातलं अक्षरही बदलणार नाही!"

"ऱ्हायलं. पर यंत्राच्या वाटंत काय अडचण आली, तर हलवू का?"

"खुशाल हलव! हवी तेवढी माणसं घे. हुकमाला तेवढा हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी राजे दुपारचे जेवायला बसले, तर नदीकडून घरघर ऐकू आली. हात न धुताच ते धावले. बघतात तो काय! करडईच्या गाड्यांची रांग लागलेली आणि यंत्रातून तेलाची पिवळीधमक धार! राजे लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले.

तेवढ्यात दिवाण धापा टाकत आले. "महाराज, घात झाला! आपला नाकाच उचलून नेलाय! खांब, दांडी, नाकेदार, त्याची खाटसुद्धा! सगळं यंत्राच्या मागे, गावाच्या बाजूला रोवलंय!"

"कुणी हलवला माझा नाका?"

"म्या," सगुणा म्हणाली. "तुमीच म्हनला, खुशाल हलव. हुकूम हाय तसाच हाय. बी नाका वलांडंल तर जकात! पर आता बी नाक्यापातुर जातंच कुटं? वलांडतं ते तेल. त्याला तुमच्या आजोबांचीच माफी हाय!"

"आणि तिजोरी?" दिवाण ओरडले.

"का वो नाकेदारदादा, यंदा बियांची जकात किती घावली?"

नाकेदार डोकं खाजवत म्हणाला, "बी आलंच न्हाई, तर घावंल कुठनं?"

"बगा! आता निदान गाळपाची मजुरी तरी तिजोरीत पडंल."

राजांच्या मिशा हलू लागल्या. हसू दाबत त्यांनी नव्या नाक्याकडे बोट दाखवलं. "ते सगळं खरं. पण यंत्राला लागूनच का नाही रोवलास? आणखी हाकेभर आत कशाला नेलास?"

सगुणानं पदर सावरला.

"मधी माजा घाना लागतो न्हवं का, म्हाराज!"

राजे असे हसले की पागोटं डोळ्यांवर आलं. ते तसंच ठेवून त्यांनी चाचपडत हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि सगुणाच्या ओंजळीत टाकलं. "दिवाणजी, नाका आहे तिथंच पक्का करा! आणि हिच्या घाण्याला हात लावाल, तर खबरदार!"