केरबाचं पान

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांना मिसरूड फुटत होती तेव्हा, आमच्या खडकमाळात केरबा वारीक नावाचा न्हावी होता. त्याच्याइतका बोलका माणूस पंचक्रोशीत झाला नाही. दाढी करताना तो बोलायचा, दाढी झाल्यावर बोलायचा, आणि गिऱ्हाईक उठून गेलं तर समोरच्या लिंबाशी बोलायचा, असं म्हणतात.

त्या वेळी तिकडं समुद्रापार बसऱ्याकडे मोठी लढाई चालली होती. गावातून अकरा जण पलटणीत गेले. त्यांत आनसाबाईचा एकुलता एक सिदोजी होता. त्याचं जावळ केरबानंच काढलेलं. पोरगा भारी लाजरा. पंगतीत मान वर करायचा नाही आणि अर्धपोटी उठायचा. मग आई त्याला चुलीपुढं एकट्याला बसवून वाढायची.

लढाई संपली. दहा जण परतले आणि सिदोजीच्या जागी सरकारी कागद आला. लढाई संपता संपता सिदोजी कामी आला, एवढंच त्यात होतं. कुठल्या दिवशी, ते कागदाला ठाऊक नव्हतं. दहा जण दुसऱ्या पलटणींतले, त्यांनाही ठाऊक नव्हतं. भटजी म्हणाले, ज्याची तिथी कळत नाही त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढावं, तसं शास्त्रच आहे. आनसाबाई ऐकेना. त्या दिवशी साऱ्या जगाचे पितर जेवायला येतात, तेवढ्या गर्दीत माझं लेकरू उपाशीच उठेल, असं तिचं म्हणणं. त्याला त्याचा स्वतःचा दिवस पाहिजे, आणि त्या दिवशी पान वाढल्याशिवाय मी डोळे मिटायची नाही, असं तिनं सांगून टाकलं.

केरबानं वस्तरा-कात्रीची धोपटी काखेत मारली आणि दिवस आणतो म्हणून निघाला. गाव हसलं. न्हावी बातम्या आणतो, दिवस कुठून आणणार?

तो रेल्वेच्या स्टेशनाबाहेर वडाखाली जाऊन बसला. रजेवरचा फौजी असो, पेन्शनीत निघालेला असो, त्याची दाढी फुकट. फक्त एक रीत होती. अर्धी दाढी झाली की केरबा वस्तरा पुसायचा आणि विचारायचा, खडकमाळच्या सिदोजीला कुठं बघितलंस का? उत्तर मिळेपर्यंत दुसरा गाल तसाच. अर्ध्या दाढीचा माणूस पळून पळून जाणार कुठं? अशी सात वर्षं गेली. बारा हजार दाढ्या झाल्या आणि वस्तऱ्याला एकदाही धार लावावी लागली नाही, असं म्हणतात.

आठव्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, माणदेशातला एक लंगडा फौजी समोर बसला. केरबानं नाव घेतलं आणि त्यानं केरबाचा हात धरला. मग म्हणाला, "आमच्याच तुकडीत हुता. दिवाळी चार-पाच दिसांवर आलीवती. सकाळी हवालदार वरडला, दाढी कर म्हणून. ह्यो म्हनला, आज एकादशी हाय, उद्या करतो. दुपारी गोळी लागली. आन् दुसऱ्या दिवशी लढाई थांबली बगा."

केरबानं वस्तरा खाली ठेवला. एकादशीला दाढी करायची नाही, हे लहानग्या सिदोजीला त्यानंच शिकवलं होतं. दिवाळीच्या तोंडची एकादशी म्हणजे अश्विन वद्य एकादशी. दिवस सापडला होता. तो बोलका माणूस त्या दिवशी रडला, आणि रडताना एक शब्द बोलला नाही.

तिथून बारा कोस तो एका दमात चालला. वाटेत नदीनं दुभंगून त्याला वाट दिली, असं म्हणतात. मला विचाराल तर उन्हाळ्यात त्या नदीला पाणीच नसतं, पण म्हणू द्या.

आनसाबाईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "एकादस हुती. मंजी माजं लेकरू उपाशीच गेलं?"

फौजी यातलं काही बोलला नव्हता. सात वर्षांत केरबा पहिल्यांदा पदरचं बोलला. "न्हाय आनसाक्का. फराळ केलता त्यानं. बसऱ्याचा खजूर, पोटभर."

त्या एकादशीला आनसाबाईनं चुलीपुढं एकच पान मांडलं आणि त्यावर खजूर वाढला. एरवी अंगणाबाहेर ओरडणारा कावळा उंबरा ओलांडून आत आला आणि एक एक खजूर वेचून गेला, असं म्हणतात. त्या हिवाळ्यात म्हातारीनं सुखानं डोळे मिटले.

मग गावोगावच्या आया केरबाकडे येऊ लागल्या. कुणाच्या लेकाचा दिवस त्यानं वर्षात आणला, कुणाचा दहा वर्षांत. ऐंशी वर्षांचा झाला तरी थांबला नाही. असाच एकाचा दिवस शोधायला गेला तो परत आलाच नाही. कुठं गेला, कधी गेला, कुणाला कळलं नाही. गावानं चार वर्षं शोध घेतला, पण ज्यानं सगळ्यांचे दिवस आणले त्याचा दिवस आणणारा कुणी भेटला नाही. याचं गावाला अजून वाईट वाटतं.

म्हणून आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला घरोघरी एक पान जादा वाढतात. ते केरबाचं. त्याला गर्दी चालते. उलट एकट्याला बसवलं तर तो बोलणार कुणाशी? ते पान नुसतं ठेवून भागत नाही. घरातल्या कुणीतरी शेजारी बसून वर्षभरातल्या बातम्या सांगायच्या: कुणाचं लग्न जमलं, कुणाची म्हैस व्याली, फौजेतला कोण सुखरूप घरी आला. बातम्या संपेपर्यंत कावळा शिवत नाही, असं म्हणतात. आणि खरंच शिवत नाही, मी दर वर्षी बसतो.