खंडोबाचा किडा

"मग बाबा, गादी काय झोपाळू माणसाच्या हाती देणार?"

सारंगधरने हे हळू आवाजात विचारलं नाही. दर्शनाला आलेली चार माणसं ओट्यावर बसली होती, त्यांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं.

चैतगिरी बाबा आता फार थकले होते. नदीकाठच्या त्या लहानशा मठात त्यांचे शिष्य दोनच. सारंगधर ध्यानाला बसला की दगडासारखा बसायचा. भानुदास बसला की थोड्याच वेळात त्याची मान छातीवर यायची, आणि कधीकधी तर घोरणंही ऐकू यायचं.

भानुदास तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली.

बाबा नदीकडेच पाहत राहिले.

सारंगधरला राहवेना. ओट्याला लागून लिंबाचं झुडूप होतं. त्याच्या फांदीवर एक लांबोळका हिरवा किडा पुढचे दोन पाय जोडून निश्चल उभा होता. गावात त्याला खंडोबाचा किडा म्हणत.

"पाहा, बाबा! किडामुंगीलासुद्धा हात जोडून स्थिर राहता येतं. आणि आमच्या भानुदासदादांना..."

माणसं हसली.

"खरंच स्थिर आहे रे," बाबा म्हणाले. "बस त्याच्यासमोर. बघू आधी कोण हलतं."

सारंगधर खुशीत झुडपासमोर मांडी घालून बसला. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर किड्यावर.

ऊन वर चढलं. माणसं बोलायची थांबली. वाऱ्याची झुळूक आली की किडा पानासारखा किंचित डुलायचा. झुळूक गेली की पुन्हा जसाच्या तसा.

मग त्यानं आपलं तिकोनी डोकं वळवलं आणि सारंगधरकडे पाहिलं. पाहतच राहिला. सारंगधरला उगीचच अवघडल्यासारखं झालं, पण तो हलला नाही.

एक मधमाशी किड्याजवळच्या फुलावर येऊन बसली.

जोडलेले हात कधी सुटले ते कुणालाच दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की माशी त्या काटेरी हातांत होती, तिचे पंख अजून थरथरत होते, आणि किडा तिला मानेपासून खात होता. सावकाश. कणीस खावं तसा.

"शी!" सारंगधर ताडकन उठला.

"जिंकलास," बाबा म्हणाले. "तो आधी हलला."

"बाबा, तो खातोय तिला! जिवंत!"

"भूक लागली असेल."

खाणं संपलं. किड्यानं आपले पुढचे पाय एकेक करून तोंडानं स्वच्छ केले आणि परत जोडले. पुन्हा तीच मुद्रा.

"ढोंगी मेला!" सारंगधरचा आवाज चढला. "हात जोडून बसतो आणि... लाज नाही त्याला?"

"कशाची लाज? मी जप करतोय, असं त्यानं कुणाला सांगितलं?"

सारंगधरनं किड्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

"ते तू सांगितलंस."

सारंगधरनं झुडपाकडे पाठ फिरवली.

"मग तो बसला कशासाठी होता?" बाबांनी विचारलं.

"भक्ष्यासाठी."

"आणि तू?"

प्रश्न साधा होता, बाबांचा आवाजही साधाच होता.

पायऱ्यांवर पावलं वाजली की आपली पाठ आपोआप ताठ होते, हे त्याला आठवलं. पापण्या मिटल्यासारख्या ठेवून तो बघत असे: कोण आलं, कोण आपल्यासमोर थांबलं, कोण नमस्कार न करता पुढे गेलं. पाटलीणबाई आल्या त्या दिवशी पायाला मुंग्या आल्या तरी तो उठला नव्हता. त्या गेल्यावर लगेच उठला होता. आणि भानुदास घोरू लागला की आत कुठेतरी बरं वाटायचं. फार बरं वाटायचं.

कानाच्या पाळ्या तापल्या. आता माणसं हसत नव्हती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"मीसुद्धा," तो कसाबसा म्हणाला.

"काय मीसुद्धा?"

"गादीसाठी बसत होतो, बाबा."

भानुदासनं तांब्या पुढे केला. सारंगधरनं तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. तांब्या देणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायची तर त्याची हिंमतच झाली नाही. ज्या माणसाचं आपण चारचौघांत हसं केलं, त्याच्याच हातचं पाणी... त्यानं तांब्या खाली ठेवला, खांद्यावर पंचा टाकला आणि पायऱ्यांकडे वळला.

"कुठं निघालास?"

"जातो, बाबा."

"का?"

सारंगधर पाठमोराच उभा राहिला. "आता कुठल्या तोंडानं इथं बसू?"

बाबांनी आपल्या घोंगडीचं एक टोक ओढून जमिनीवर पसरलं आणि हातानं त्यावरची धूळ झटकली.

"ह्याच."