उताणे धोंडे

कोकणात खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात येसू नावाची एक गाबतीण, म्हणजे मासेमार गाबीत समाजातली बाई, राहायची. ओहोटी लागली की गावच्या बायका खडकांत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला जात. प्रत्येकीचा खडकांचा तुकडा ठरलेला, आणि तो सासूकडून सुनेकडे यायचा. धोंडा उलटायचा, खालची कुर्ली धरायची आणि धोंडा होता तसा पालथा घालून पुढे जायचं, असा रिवाज होता.

कारण धोंड्याच्या पोटाला रंगीबेरंगी जीव चिकटलेले असत. तांबडे, केशरी, जांभळे. काही तर इवल्या पखालींसारखे, बोट लावलं की पाण्याची चिळकांडी उडवणारे. ते ना विकले जात, ना शिजवले जात.

येसूला हा रिवाज म्हणजे नसती उठाठेव वाटे. ती धोंडे उताणेच टाकून पुढे जाई.

शेजारच्या तुकड्यावरची भागी एकदा म्हणाली, "धोंडो परत ठेव गो. त्येंचां घर आसा तां."

येसू फणकारली, "ह्या रंगीत शेंबडासाठी येळ कित्याक घालवू?"

तिची टोपली सगळ्यांच्या आधी भरे, आणि त्याचा तिला भारी तोरा. मागे धोंडे उन्हात तापत. त्यांच्यावरचे रंग पांढरे पडले, मग वास सुटला. त्या जिवांवर जगणाऱ्या गोगलगायी गेल्या, पाठोपाठ कुर्ल्याही गेल्या. आपला तुकडा ओस पडतोय हे येसूला दिसत होतं, पण कबूल कोण करणार?

अशात तिच्या मुलाचं लग्न झालं. शेवंती सून होऊन आली. नव्या सुनेनं सासूच्या तुकड्यातली कुर्ली धरायची आणि तिचंच पहिलं कालवण रांधायचं, ही गावची रीत. सगळ्या बायका बघायला जमल्या.

शेवंतीनं धोंडा उचलला. खाली नुसता काळा चिखल. दुसऱ्याखालीही तेच. दहा धोंडे झाले तरी कुर्लीचं नख दिसेना.

शेवटी भागीच म्हणाली, "माझ्या वाट्याक ये गो बाये."

तिथला पहिलाच धोंडा उलटला आणि शेवंतीच्या तोंडावर चिळकांडी उडाली. ती खुदकन हसली. खाली दोन कुर्ल्या होत्या. तिनं एक धरली, आणि कुणी न सांगता धोंडा अलगद पालथा घातला. ते बघून येसूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला येसू टोपली न घेताच आली. आपल्या तुकड्यातला एकेक उताणा धोंडा ती पालथा घालू लागली. बारा वर्षं उताणे पडलेले धोंडे होते ते.

भागीनं विचारलं, "आता येळ गावलो?"

येसूनं मान वर केली नाही. "गावलो नाय गो, द्यावचो लागलो."

तात्पर्य: जे आपल्या ताटात येत नाही, त्याच्याच जिवावर ताटातलं वाढतं; म्हणून घेणाऱ्यानं आधी धोंडा होता तसा पालथा घालायला शिकावं.